पहिल्या घासाचा संशय

मासळी घेताना कल्ला उघडून सगळेच बघतात. आमची जनाकाकी आधी कोळणीचा चेहरा न्याहाळायची आणि मग माशाकडे वळायची. "मासली खोटं बोलत न्हाय, इकनारी बोलते," हे तिचं शास्त्र. दारात ज्योतिषी आला, तर ती त्याला म्हणे, "माजं राहू दे. पुढच्या घरी तुला काय मिलंल ते सांग आधी." बिचारा पंचांग मिटून चालता होई.

काका लवकर गेल्यावर खारबावचं घर आणि खाडीकडची जमीन तिनेच सांभाळली. दोन हजार सालानंतर भिवंडीच्या आसपास शेतांवर गोदामं उठू लागली, तेव्हा दलाल कधी पाहुणे म्हणून, कधी देवाच्या वर्गणीसाठी तिच्या ओटीवर येऊन बसत. काकी त्यांना पाणी द्यायची आणि पेला रिकामा होईपर्यंत त्यांच्यावरची नजर हटवायची नाही. त्या दिवसांत ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्या जमिनी कशा गेल्या हे गावाने पाहिलेलं आहे. त्यामुळे तिला संशयी म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

अशा बाईच्या माडीवर मी देविनाला आणून ठेवलं, हे माझं धाडसच. देविना मॉरिशसची. ठाण्याच्या कॉलेजात माझ्याच वर्गात मराठी शिकायला आली होती. तिचे पूर्वज कधीकाळी कोकणातून बोटीने उसाच्या मळ्यांवर गेलेले. मुलगी घरंदाज कुटुंबात राहणार असेल तरच शिकेल, नाहीतर पुढच्या विमानाने परत, अशी तिच्या वडिलांची अट होती. आमच्या घरात जागा नव्हती, म्हणून शेजारच्याच घरातली ही माझी चुलती.

पहिल्याच दिवशी तपासणी झाली. "नाव काय?"

"देविना राघोजी."

"राघोजी तुजा बाप?"

"नाही, ते आमचं आडनाव आहे. आमचे पूर्वज बोटीवर चढले, तेव्हा त्यांनी फक्त स्वतःचं नाव सांगितलं. तेच पुढे आडनाव झालं."

"आनि गाव?"

"ते कुणालाच ठाऊक नाही, काकी."

काकीने माझ्याकडे पाहिलं. नाव आहे, गाव नाही, म्हणजे दलालाचीच माणसं, हे तिच्या नजरेत स्पष्ट होतं. देविनाच्या भाषेनेही काही मदत केली नाही. ती पुस्तकातून शिकलेलं मराठी बोलायची आणि त्याला तिकडच्या फ्रेंचचा हेल. "काकी, कृपया मला थोडे पाणी द्याल का?" असं तिने विचारलं की काकी पाणी द्यायची आणि नंतर मला कोपऱ्यात ओढून म्हणायची, "घरात असं कोन बोलतं गं? ही बातम्या देनारी तर न्हाय?"

जेवणात मात्र पोरगी पक्की निघाली. तांदळाची भाकरी आणि सुकट ती बोटं चाटून खायची, वर हिरवी मिरची कचाकचा चावायची. एकदा तिने हौसेने तिकडची डाळ घातलेली पुरी केली. दिसायला थेट पुरणपोळी. काकीने एक तुकडा तोंडात टाकला आणि चावायची थांबली. "यातला गूल कुठं गेला?" देविना म्हणाली की यात गूळ नसतोच. काकीने उठून गुळाचा डबा उघडून पाहिला. दोन दिवस ती मला विचारत होती, "पुरन करायचं आनि गूल घालायचा न्हाय, याच्यामागं काय असंल?"

भाद्रपदात प्रकरण हाताबाहेर गेलं. देविना जेवायला बसली की पहिला घास तोंडात न घालता ताटाच्या कडेला काढून ठेवते आणि मग कागदात बांधून संध्याकाळी कुठेतरी नेते, हे काकीने हेरलं. घरातलं अन्न गुपचूप बाहेर नेणं याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. काकीने तो शब्द उच्चारला, करणी. "उद्या तिला पेटी भरायला सांग," ती मला म्हणाली. मी गयावया केली. ही गेली तर हिचं शिक्षणच संपेल, म्हटलं. शेवटी काकी एवढ्यावर आली, "आधी डोल्यांनी बघन, मग काढन."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या मागे खाडीवर गेलो. काकी मिठागराच्या बांधाआड दबकत चालत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. देविनाने कागद सोडला, घास पाण्यात सोडला आणि हात जोडून म्हणाली, "राघोजीबाबा, जेवा."

"कोनाला जेवा म्हनतेस?" काकी बांधावरूनच ओरडली.

देविना दचकली, मग रडू लागली. तिच्या आजीने निघताना सांगितलं होतं, आपला माणूस त्या किनाऱ्यावरून उपाशी निघाला आणि परत फिरलाच नाही. तू तिथे आहेस तोवर पहिला घास त्याचा. गाव माहीत नाही, म्हणून ती पाण्यात सोडायची. ते पाण्यावरूनच गेले होते ना.

काकी बांधावरून उतरून तिच्याजवळ गेली. मला वाटलं विरघळली. कसली विरघळते! ती चिडली होती. "अगो, वाटंत कोन जेवायला घालतं? इतकी वर्सं झाली, म्हातारा अजून पान्यातच उभा ठेवलास? मान्साला घरात बोलवून वाढायचं असतं."

सर्वपित्रीला काकीने पितरांची पानं वाढली, खीर, वडे, भाजी, भात. सासऱ्यांचं, सासूचं, काकांचं, आणि शेजारी एक पान राघोजीचं. तेवढ्यात माझे धाकटे काका, बाळारामकाका, आले. प्रकार कळताच ते खवळले. "वहिनी, आपल्या पितरांच्या पंगतीत हा कोण? याची जात तरी विचारलीस? ही पोरगी आजच्या आज घराबाहेर गेली पाहिजे."

देविना दाराशी पांढरीफटक उभी होती. जिने आयुष्यभर प्रत्येकाला सतरा प्रश्न विचारले, ती काकी भाताची मूद सारखी करत शांतपणे म्हणाली, "इचारली ना. म्हनला, भूक लागलीय."

बाळारामकाका तणतणत निघून गेले, ते दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. देविना पदवी घेऊनच परतली. निघताना काकीने तिला सांगितलं, "पोचलीस की फोन कर. दुसऱ्या कोनाच्या तोंडून आलेला निरोप मी मानायची न्हाय." फोन आला तेव्हा तो आवाज देविनाचाच आहे याची खात्री करायला तिने आमच्या म्हशीचं नाव विचारलं.

नंतर तीनेक वर्षांनी काकी अंथरुणाला खिळली. औषधाची प्रत्येक गोळी उजेडात धरून बघायची. मी तिच्यापाशी बसले होते तेव्हा धीर करून विचारलं, "काकी, खरं सांग. त्या दिवशी तुला जराही संशय आला नाही? कोण कुठला राघोजी, होता की नव्हता."

"आला की. अजून येतो," ती म्हणाली. "पन संशय आला म्हनून कोनाला भरल्या पानावरनं उठवायचं का?"