पोट आलेली भिंत आणि मुनीर मिस्त्री

मुनीर मिस्त्री कोणाच्याही घरी दुरुस्तीला आला की सरळ दारातून आत यायचा नाही. पिशवी ओट्यावर ठेवायचा आणि घराला बाहेरून एक चक्कर मारायचा. एक हात भिंतीवरून फिरवत, मधेच पायथ्याशी वाकून पाहत, मागच्या मोरीपाशी जरा जास्त वेळ थांबून मग फिरून पुढच्या दारी यायचा. लोक हसायचे. "मिस्त्री परदक्षिना घालून राह्यला, निवद आना रे," म्हणायचे. तो म्हणायचा, "घराचं तोंड तं सोयरे पाहतेत. मी पाठ पाहतो. दुखनं पाठीत राह्यते."

नेरच्या बाजारामागे त्याचं घर. आमचं गाव तिथून सायकलीनं अर्ध्या तासावर. हापशी बिघडली, टिन उडालं, दार घासायला लागलं, की मुनीर. त्याच्याकडे लायसन नव्हतं, पाटी नव्हती. शाळा माझ्याइतकीच, म्हणजे चौथीच्या अलीकडे. पण जे येत नाही ते येत नाही म्हणायची त्याला लाज नव्हती. विजेच्या मीटरला त्यानं कधी हात लावला नाही. "हे माह्या हातचं नाही दादा. लायसनवाल्याले बलावा. माह्या भरोशावर जीव नोका टाकू." आणि जे येत होतं त्यात तो कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही. तिथंच आमचं बिनसलं.

ती कापसाची वाईट वर्षं. भाव पडलेले, आणि सरकारी खरेदी आज उघडते, उद्या उघडते असं चाललेलं. लोकांनी कापूस घरात भरला. ज्याला खोली नव्हती त्यानं खाटेखाली भरला. माझ्या डोक्यावर कोणाचं ओझं नव्हतं, मला थांबता येत होतं, आणि त्याचाच मला माज होता. व्यापारी दारात आला तर मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली आहे. ती आढ्यापर्यंत भरली. पायानं तुडवून तुडवून भरली. पहिल्या वेच्याचा पांढरा माल आत, भिंतीला लागून. शेवटचा पिवळट, किडका, ज्याला कवडी म्हणतात तो माल दाराकडे. घरभर खाज सुटली. माझी बायको कौसल्या कोपरापर्यंत हात खाजवत भाकरी थापायची आणि मला काही म्हणायची नाही.

फाल्गुनात तिनं दाखवलं. स्वयंपाकघराची भिंत, कोठीच्या बाजूची, आमच्याकडे फुगून आली होती. चुलीच्या बरोबर वर बोटभर चीर. भिंत विटांची, पण मातीत बांधलेली. मुनीरला बोलावलं. त्यानं चक्कर मारली, आत आला, भिंतीला तळहात लावून उभा राहिला.

"दादा, भित पोटूशी हाये."

"मस्करी नोको करू. किती दिवसाचं काम हाये सांग."

"दिवस नाही, महिने इचारा. कापूस भरला तवापासून धरा." मग हसणं आवरून म्हणाला, "खोली खाली करा. मंग मी हात लावतो. कापूस आतून रेटून राह्यला, अन् मी भाईरून लिपू?"

"तुले भितीसाठी बलावलं. कापसाचं मी पाहीन."

"मंग भित बी तुमीच पाहा," म्हणाला आणि पिशवी उचलली. दारात कौसल्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, चूल अंगनात मांडा. दादाले इचारू नोका."

माझ्या घरात, माझ्या बायकोला, माझ्यासमोर. मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी एस.टी. धरून यवतमाळला गेलो आणि लायसनवाला ठेकेदार ठरवून आलो. तो स्वतःच्या गाडीनं आला, इस्त्रीची पँट, हातात मोजायची फीत. गावातली माणसं पाहायला जमली, आणि मी ओट्यावर बसून सगळ्यांकडे पाहत होतो. त्याला मी दोष देणार नाही. त्यानं विचारलं होतं, "पलीकडं काय आहे काका?"

मी म्हणालो, "कोठी हाये. धान्य-गिन्य."

"उघडून दाखवता का?"

"चाबी पोराजवळ हाये, थो अमरावतीले गेला."

चाबी माझ्या बंडीच्या खिशात होती. मला पुन्हा तेच ऐकायचं नव्हतं. ठेकेदारानं समोर दिसलं त्याप्रमाणे चीर भरली, जाळी लावून गिलावा केला, वरून चुना. भिंत अशी पांढरी झाली की मी येईल त्याला स्वयंपाकघर दाखवायचो. त्यानं दिलेला शिक्क्याचा कागद मी देवळीत ठेवला. लोक विचारतात, साधा मिस्त्री बरा का ठेकेदार बरा. मी दोघांतून कोणाला निवडलंच नव्हतं. मला हवं ते बोलणारा माणूस पाहिजे होता, आणि तो मिळावा म्हणून मी खोटं बोललो.

महिन्याभरात नव्या गिलाव्याला चीर पडली, पहिलीपेक्षा रुंद. मी पाहिली आणि बोललो नाही. कौसल्यानं मला न विचारता मुनीरला निरोप धाडला. तो दुपारी आला. लायसनवाल्याबद्दल एक शब्द काढला नाही, मला वाटलं होतं काढेल. चक्कर मारली, कौसल्याला भांड्यांसकट अंगणात काढलं, भिंतीला दोन लाकडी बल्ल्यांचा टेकू दिला आणि म्हणाला, "आज, आत्ता, खोली खाली कराची."

मी म्हणालो, "सोमवारी खरेदी उघडनार हाये. चार दिवस."

"भितीले सोमवार समजत नाही दादा."

शेवटी मी कुलूप काढलं. पण हट्ट सोडला नाही. तो दारातून कापूस ओढायला लागला, मागचा पांढरा माल घसरून कवडीत मिसळायला लागला, आणि मी ओरडलो. एवढे महिने जपलेला पहिल्या वेच्याचा माल! मिसळला की मातीमोल. मी म्हणालो, "असा नाही. वरून जाय, मांगचा पांढरा आंधी येगळा काढ."

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. "भितीपाशी जाचं म्हनता?"

"हो."

"कवडीपाई?"

"माल माहा हाये मुनीर."

तो ढिगावरून वर चढून आत गेला. का गेला, हे मी आजपर्यंत स्वतःला विचारतो. नाही म्हणू शकत होता, आधी म्हणाला होताच. बहुतेक आत काम सुरू झालं होतं आणि सुरू केलेलं काम त्याच्यानं सोडवत नव्हतं. त्यानं दोन गाठोडी माझ्याकडे लोटली. तिसऱ्याला बल्ली सरकल्याचा आवाज आला. भिंत स्वयंपाकघरात गेली, आणि तिच्यावर टेकलेली तुळई मुनीरच्या उजव्या खांद्यावर आली. खाली कापूस होता म्हणून तो वाचला, असं डॉक्टर म्हणाले. चुलीच्या जागी विटांचा ढीग होता. कौसल्या अंगणात होती.

खांदा जुळला, पण हात छातीच्या वर कधी गेला नाही. मिस्त्रीचा उजवा हात.

यानंतरचं लिहायला मला जड जातं. गावात बोललं जायला लागलं की लायसनवाल्यानं नवी केलेली भिंत मुनीरनं पाडली. लोकांनी पांढरा गिलावा पाहिलेला होता, मीच दाखवला होता. मला विचारलं तर मी म्हणायचो, "मिस्त्री आत होता, तवा पडली." यात खोटं एक अक्षर नाही. मी तेवढंच म्हणायचो आणि पुढं तंबाखू मळायचो. बारीकसारीक कामं डाव्या हातानंही त्याला करता आली असती, पण बोलावणं येईना. नेरात पोरंसुद्धा त्याला भित-पाडू म्हणायची.

तरी माझी नवी भिंत बांधायची वेळ आली तेव्हा तो आला. खाटेवर बसून म्हणाला, "आता शिमिटाचं लेंटर टाका लागते, हे माह्या हातचं नाही. त्याच ठेकेदाराले बलावा, मानूस खोटा नाही. पन त्याले सारं घर दाखवा दादा. जो पह्यले इचारते का भितीमांगं काय हाये, थो कारीगर, मंग लायसन असो का नसो."

म्हणजे माझं खोटं त्याला माहीत होतं. कौसल्यानं सांगितलं असेल. मी मान खाली घातली आणि त्याला चहा घ्यायचा आग्रह केला.

पाच वर्षं अशीच गेली. एक दिवस नेरच्या बसस्टँडवर चहाच्या टपरीत आम्ही चार-पाच जण बसलो होतो. मुनीरही होता, डाव्या हातात कप धरून. एक जण टिन बसवायला मिस्त्री विचारत होता. टपरीवाला हसून म्हणाला, "हा हाये ना आपला. भित पाडाची असन तं सांगा." सगळे हसले. मुनीरही हसला, आणि ते मला पाहवलं नाही. मी उठून उभा राहिलो. बोललो. ठेकेदाराशी खोटं बोललो ते, चाबी खिशात होती ते, कवडीपायी याला भिंतीपाशी मीच धाडलं ते. सत्तरीच्या माणसाला चारचौघांत जेवढं बोलता येतं तेवढं सगळं बोललो. कोणी हसेना. मला वाटलं, आता मुनीर काहीतरी म्हणेल आणि माझी छाती हलकी होईल.

तो कप ठेवून म्हणाला, "पाच सालं झाले दादा. हात जुळून आल्यावर दोन साल मी रोज दारात बसलो. कोनी येते का, कोनी बलावते का. तवा तुमी बोलले असते तं मी कोनाचं टिन ठोकलं असतं. आता डोये बी पह्यलेसारखे राह्यले नाही." रागावला नव्हता. थकला होता. उठताना टपरीवाल्याला म्हणाला, "दादाच्या चाहाचे पैशे नोको घेऊ, माह्याकडून घे," आणि एस.टी.च्या गर्दीतून घराकडे निघून गेला.

त्यानंतर दोन पावसाळे तो होता. रस्त्यात दिसला की आधी सलाम करायचा. घरी बोलावलं की "येतो ना" म्हणायचा. आला नाही. मीही, एवढं बोलून झाल्यावर, अर्ध्या तासाच्या वाटेवर त्याच्या दारी कधी गेलो नाही. गेलो तो त्याच्या मयताला.