बरं चाललंय

आज आमदारांची समिती गावचा दवाखाना तपासायला आली, म्हणून एरवी बंद असणारं दार उघडलं होतं. समितीतल्या बाईंनी मला विचारलं, “काय मावशी, कसं चाललंय?” वाटेत कुणी भेटल्यावर म्हणतो तसं मी म्हणून गेले, “बरं चाललंय.” त्या हसल्या, डॉक्टरही हसले, आणि गाड्या निघून गेल्या.

शेजारची सखू म्हणाली, “अगं, दवाखान्याचं विचारत होत्या, तुझ्या तब्येतीचं नाही.”

हा प्रश्न कुणी उत्तरासाठी विचारेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. इतक्या लांबून ती माणसं आमचं ऐकायला आली, आणि मी नुसता नमस्कार केल्यासारखं बोलले.

शिपायाने परत कुलूप लावलं. पोटुशी सून माझ्याशेजारी उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.