कांद्याला हवा लागते

इंदिरानगरला आमचं घर बांधून होत होतं, तेव्हा वडील रोज कचेरी सुटली की सायकलवरून तिथे जायचे आणि भिंतींवर स्वतः पाणी मारायचे. गवंड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पुढे आल्यागेल्या प्रत्येकाला ते भिंतीवर थाप मारून सांगत, "मी स्वतः उभं राहून पाणी मारलंय."

न्हाणीघराला लागून असलेली भिंत माझ्या खोलीत होती. दुसऱ्याच पावसाळ्यात तिच्यावर ओल चढली आणि मागोमाग काळी-हिरवी बुरशी आली. शेजारच्या काकूंनी ती पाहिली आणि विचारलं, "भाऊ, अजून पाणी मारताय वाटतं?" वडील त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

त्यांनी भिंतीला डिस्टेंपर लावला. बुरशी वर आली. मग त्यांनी तिथे एक भलंमोठं कॅलेंडर टांगलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्ष संपेपर्यंत कॅलेंडरही मागून काळं पडलं.

मला खोकला लागला तो सुटेचना. पहाटे छाती शिट्टीसारखी वाजायची. आईने हळदीचं दूध, अडुळसा, ओव्याचा शेक, सगळं करून पाहिलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?" मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "छे, कोरडं ठणठणीत. ही बोरं खाते." आई छताकडे बघत राहिली. मला वडिलांचा भयंकर राग आला, कारण त्या वर्षी मी एकही बोर खाल्लं नव्हतं.

चांदवडचा मामा दर उन्हाळ्यात वर्षाचे कांदे पाठवायचा. ते माझ्याच खोलीत, पलंगाखाली पसरलेले असायचे. त्या श्रावणात त्यांना वास यायला लागला. वडील खाली वाकले, एक कांदा उचलून दाबून पाहिला आणि घरात आणीबाणी जाहीर झाली. चांगला निर्यातीच्या प्रतीचा माल सडतोय म्हणजे काय! त्यांनी बैठकीतली टीपॉय हलवली, खिडक्या उघडल्या, गोणपाटं अंथरली, एकेक कांदा पुसून त्यावर मांडला आणि वरून पंखा लावला. पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही.

"त्या खोलीत टिकायचे नाहीत," हात झटकत ते म्हणाले. "कांद्याला हवा लागते."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्या खोलीत गेली, माझी गादी ओढत बैठकीत आणली, दोन हातांनी कांदे बाजूला सारले आणि मधोमध गादी घातली.

"हे काय?" वडिलांनी विचारलं.

"कांद्याला हवा लागते म्हणालात ना," आई म्हणाली. "हिलाही लागत असेल."

वडील रात्री स्वतःची उशी उचलून माझ्या खोलीत झोपायला गेले. सकाळी ते शिंकत बाहेर आले. आम्ही दोघी त्यांच्याकडे पाहत होतो. ते म्हणाले, "हवा बदललीय." आईने चहा पुढे केला. तरी आठवडाभर ते तिथेच झोपले, आणि रोज थोडे जास्त शिंकले. बैठकीत मी मात्र कांद्यांच्या वासात गाढ झोपत होते. छातीतली शिट्टी हळूहळू थांबली.

वडील आणि मी पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली आणि खूश होऊन विचारलं, "बरीच सुधारणा आहे. काय केलंत?"

"कांद्यांत झोपवली," वडील म्हणाले.

डॉक्टरांचं पेन थांबलं. वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"घरात ओल आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "मागच्या वेळी मी नाही म्हणालो होतो. भिंतीची लाज वाटली मला, आणि हिला बोरं चिकटवली."

येताना त्यांनी गवंड्याच्या घरासमोर सायकल थांबवली. मला सायकल धरायला सांगितली आणि स्वतः आत गेले.