थेंब तिनं बरोबर धरला होता

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका ट्रकच्या डिझेल पंपाचं टायमिंग. त्यानंतर बायको पुष्कळ वर्षं जगली, माझ्या ताटात वाढत राहिली, पण गॅरेजमध्ये पुन्हा पाय ठेवला नाही. आता ती गेली. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण हे सांगितल्याशिवाय घास उतरत नाही.

एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. शिरवण्याच्या रस्त्याला माझं पत्र्याचं गॅरेज होतं. कंपन्यांचा माल नेणारे ट्रक यायचे. टायमिंग करावं तर यानंच, असं माझं नाव होतं. ते नाव अर्धं खोटं होतं.

टायमिंग म्हणजे पंपानं इंजिनात डिझेल नेमकं कधी सोडायचं ते बसवणं. इंजिन हातानं फिरवून फ्लायव्हीलवरची, म्हणजे त्याच्या मोठ्या चाकावरची खूण बरोबर काट्याखाली आणायची. मग इंजिन आणि पंप जोडणारं कपलिंग ढिलं करून पंप हळूहळू फिरवायचा. पंपाच्या पहिल्या तोंडाला एक वाकडी नळी लावलेली असते, तिच्यातून डिझेल पडतं. पंप फिरेल तशी धार बारीक होते, मग थेंब, मग थेंबही थांबतो. थांबला तिथंच कपलिंग आवळायचं. थेंब थांबलाय का नुसता लोंबकळतोय, हे ज्याला कळतं तो खरा मिस्त्री. मला चाळिशीनंतर दिसेना. चष्मा लावला तर ड्रायव्हर म्हणतील उस्ताद म्हातारा झाला, म्हणून लावला नाही.

थेंब बायको बघायची. नेरुळच्या नव्या बिल्डिंगींतल्या बायकांच्या साड्यांना ती फॉल-बिडिंग करायची, नजर एकदम बारीक. गॅरेजात यायची ती एक जुनी हिरवी साडी नेसून. नळीपाशी डबा उलटा टाकून बसायची, पापणी हलायची नाही. हळूच "थांबा" म्हणाली की मी आवळायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, उजेडाला बॅटरी धरायला बसवलीय.

त्या दिवशी ड्रायव्हर घाईत होता. तुर्भ्याच्या मार्केटातून माल उचलायचा होता. मी पहारीनं फ्लायव्हील फिरवत होतो. खूण काट्याच्या पुढं गेली. मी तिथूनच जराशी मागं ओढली.

"अहो, पुढं गेलं ना?" बायको म्हणाली. "मग पार मागं नेऊन परत आणा की. तुमीच सांगता."

खरं होतं तिचं. गिअरच्या दातांत जरा ढिलाई असते. नुसतं थोडं मागं ओढलं तर इंजिन मागं येतं, पंप जागचा हलत नाही, आणि गाडी चालताना ती ढिलाई भरून निघेस्तोवर पंप मागं राहतो. म्हणून चुकून पुढं गेलं की लांब मागं जायचं आणि पुन्हा पुढं यायचं. मीच शिकवलेलं तिला.

ड्रायव्हर हसला. "काय हो, उस्ताद नक्की कोण? तुमी का वहिनी?"

"तू बॅटरी धर," मी तिच्यावर खेकसलो. "तुझं तेवढंच काम."

तिनं बॅटरी धरली. थोड्या वेळानं म्हणाली, "थांबा." मी आवळलं.

संध्याकाळी ट्रक परत दारात. भरलेली गाडी खाडीपुलाच्या चढाला ओढेना, मागून पांढरा धूर. ड्रायव्हर ओरडतच उतरला, "कसलं टायमिंग केलं, उस्ताद? शेठ माझी चामडी काढंल!" बाजूचा वेल्डर आला, चहावाला आला. बायको साड्यांची पिशवी घेऊन निघाली होती. मी तिच्याकडं बोट केलं.

"हिला थेंब बघायला बसवली. लक्ष सगळं त्या साड्यांत."

इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं की थेंब ती बघते. दोष द्यायची वेळ आली तेव्हा बरोबर सांगितलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं माहीत होतं. एका वाक्यात माझं नाव मातीत घालता आलं असतं तिला. ती ड्रायव्हरला म्हणाली, "चुकलं असंल भाऊ माझं," आणि पिशवी उचलून चालू लागली.

घरी तिनं ताट मांडलं. भाकरी वाढली, कालवण गरम करून दिलं.

सकाळी माझ्या पिशवीत डब्याशेजारी हात पुसायच्या चिंध्या होत्या. हिरव्या.

"आज येत नाहीस?"

"फॉलचं काम लै साठलंय," ती म्हणाली.

ट्रक रात्रभर गॅरेजपुढंच उभा होता. मी ड्रायव्हरला नळीपाशी बसवलं. खूण नीट, पुढच्या अंगानं काट्याखाली आणली. "पडतोय का?" "पडतोय की, चांगला पडतोय." खुणेवर थेंब थांबायला हवा होता, म्हणजे पंप मागं राहिला होता. मग काल केलं तसंच मुद्दाम केलं. खूण पुढं नेली, तिथूनच मागं ओढली. "आता?" "थांबला," तो म्हणाला. तिचा थेंब केसभरही चुकला नव्हता.

मग पार मागं जाऊन पुन्हा आणलं आणि टायमिंग नव्यानं बसवलं. त्या ड्रायव्हरनं तीनदा "थांबला" म्हटलं, तीनदा आणखी एक थेंब पडला. चौथ्यांदा जमलं. तो डोळे चोळत उठला.

"आयला, डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी कशा बघतात हो एवढं?"

मी कपलिंगचे बोल्ट आवळत होतो.

"पण उस्ताद, मग काल चुकलं कुणाचं?"

तेव्हा तिथं मी आणि तो, दोघेच होतो. खरं बोललो असतो तर ऐकणारा तो एकटाच.

"कालच सांगितलं ना तुला," मी म्हणालो, आणि हिरव्या चिंधीला हात पुसले.