स्टोव्हलाही हळदीकुंकू

मी तेल कंपनीत शिरले ती कंदिलाच्या काचा पुसण्याच्या अनुभवावर. हे मी गमतीने सांगत नाही, माझ्या अर्जातच तसं लिहिलेलं होतं.

नवा मध्य प्रदेश होऊन फार दिवस झाले नव्हते. पूर्वी नागपूरला जाणारे कागद आता भोपाळला जायचे, आणि कुठला कागद कुठे अडकला हे कोणालाच सांगता येत नसे. मी मॅट्रिक होऊन तापीकाठच्या आमच्या गावी, सिंधीपुऱ्यातल्या घरी बसले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी माझ्यासाठी खंडव्याचं एक स्थळ काढलं होतं. मुलगा रेल्वेत, माणसं चांगली, पत्रिका जुळलेली. त्या मुलात काही म्हणजे काही खोट नव्हती, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती मेल्याने.

राग तसा माझ्या नाकावरच असायचा. आई म्हणायची, ही सासरी गेली की आठ दिवसांत परत येईल, नाहीतर सासरचेच घर सोडून जातील.

अशात एकदा मी रॉकेल आणायला डबा घेऊन एजंट शेठजींच्या दुकानात गेले. कंपनीने त्यांच्याकडे विकायला पंपाचे स्टोव्ह पाठवले होते आणि ते खोक्यांतून बाहेर निघत नव्हते. पितळेची ती भांडी फुटतात, घर जाळतात, असं गावात पसरलं होतं. शेठजींचा माणूस घरोघर स्टोव्ह दाखवायला गेला की बायका पदर ओढून आत निघून जायच्या. शेवटी कंपनीनेच कळवलं होतं की एखादी शिकलेली बाई बघा.

"आता अशी बाई मी कुठून आणू?" शेठजी गिऱ्हाइकाला सांगत होते.

"मी येते," मी म्हणाले.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "बेटी, तुले स्टोव्ह येतो का?"

"येतो," मी म्हणाले. मी तोपर्यंत स्टोव्ह फक्त खोक्यावरच्या चित्रात पाहिला होता.

अर्ज हिंदीत होता आणि त्यात एक रकाना होता, तेलाच्या व्यवसायातला पूर्वानुभव. मी मराठीत खरं ते लिहिलं: रोज संध्याकाळी घरातल्या कंदिलांच्या काचा पुसणे, वाती कापणे व रॉकेल भरणे. शेठजींच्या मुनीमाने त्याचं हिंदी केलं. ते मी नंतर वाचलं तेव्हा मलाच माझ्याबद्दल आदर वाटायला लागला. मी म्हणे लहानपणापासून 'प्रकाश-व्यवस्था' सांभाळत होते, आणि 'ईंधन-भंडार' माझ्या देखरेखीखाली होतं.

घरी सांगितल्यावर अण्णांनी पाटीवर गणित मांडावं तशी अट मांडली. कंपनीचा साहेब भोपाळहून येऊन काम बघणार आहे ना? तो हो म्हणाला तर नोकरी कर. नाही म्हणाला तर मी त्याच दिवशी खंडव्याला होकार कळवणार, आणि मग तोंड वाजवायचं नाही. मी ताडकन कबूल म्हणाले. साहेब यायला महिना होता, आणि महिनाभरात माणूस काय वाटेल ते शिकू शकतो, असा माझा समज होता.

शेठजींनी सरावाला एक स्टोव्ह घरी दिला. या स्टोव्हचं डोकं आधी स्पिरिटने तापवायचं असतं, मगच पंप मारायचा असतो. मी आधी पंप मारला, चांगला दम लागेपर्यंत मारला, आणि मग काडी लावली. ज्वाला छपरापर्यंत गेली. आई धावत आली आणि हाताला लागलं ते तिने स्टोव्हवर ओतलं. ते कढीचं पातेलं होतं. त्या दिवशी आम्ही भात लोणच्याशी खाल्ला, आणि कोपऱ्यातल्या स्टोव्हला दोन दिवस फोडणीचा वास येत होता.

"माह्या चुलीत पऱ्हाट्या जळतात त्याच बऱ्या," आई म्हणाली. "कपाशीच्या काड्या कधी छपराले भिडल्या का?"

पण मी चिडून चिडून शिकले. तो पेटत नसला की मी त्याचे सगळे अवयव सुटे करायची, शिव्या देत पुसायची आणि पुन्हा जोडायची. असं इतक्यांदा झालं की स्टोव्ह पेटवण्यापेक्षा तो खोलणंच मला जास्त चांगलं यायला लागलं. अण्णा पलीकडे वह्या तपासत बसलेले असायचे. मधूनच मान वर करून माझी खटपट बघायचे. मला वाटायचं, हे मनातल्या मनात होकाराचं पत्र लिहीत असणार.

साहेब संक्रांतीनंतरच्या आठवड्यात येणार असं ठरलं. एवढ्या बायका एका जागी गोळा कशा करायच्या, हा शेठजींचा प्रश्न आईने चुटकीसरशी सोडवला. म्हणाली, मी हळदीकुंकू ठेवते, तुम्ही वाण द्या. शेठजींनी वाणाला पत्र्याची छोटी नरसाळी द्यायचं कबूल केलं. रॉकेल ओतायला उपयोगी पडतील, हा त्यांचा हिशोब. अख्ख्या सिंधीपुऱ्यात तोपर्यंत कोणी वाणाला नरसाळं दिलं नव्हतं, त्यामुळे ज्यांना बोलावलं नव्हतं त्याही बायका आल्या.

हळदीकुंकवात पुरुषांचं काय काम? म्हणून साहेब, शेठजी आणि अण्णा बाहेर ओट्यावर खुर्च्या टाकून बसले. साहेबांना खिडकीतून आतलं दिसेल अशी त्यांची खुर्ची लावली होती. मी मधोमध पाटावर स्टोव्ह मांडला. पितळ चिंचेने घासून असं लखलखीत केलं होतं की त्यात माझं घाबरलेलं तोंड दिसत होतं. मी आईची चांगली नऊवारी नेसले होते. सगळं ठीक होतं. मी आत चहाचं आधण आणायला गेले आणि तेवढ्यात घात झाला.

सुरुवात समोरच्या काकूंनी केली. या काकू म्हणजे आमच्या आळीच्या मुख्य न्यायाधीश. त्यांना आईने हळदीकुंकू लावलं, वाण दिलं. मग त्यांची नजर पाटावरच्या स्टोव्हकडे गेली. घरात नवीन वस्तू, तीही पितळेची, तीही अग्नीची, आणि तिला साधी हळद नाही? काकूंनी कोयरीतली चिमूट उचलली आणि स्टोव्हच्या डोक्यावर हळदीकुंकू वाहिलं. काकूंनी वाहिलं म्हटल्यावर मागच्या बाईने वाहिलं. तिच्या मागचीने वर अक्षता टाकल्या. आलेल्या प्रत्येक बाईने मनोभावे स्टोव्हची पूजा केली, आणि शेवटी कोणीतरी गुलाबदाणीने त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, म्हणजे सगळं मस्त घट्ट बसावं.

मी आधण घेऊन बाहेर आले तर पाटावर माझा स्टोव्ह नव्हताच. तिथे शेंदूर फासलेला कुठलातरी जागृत देव बसला होता.

"काय केलं हे?" मी जवळजवळ ओरडलेच.

"अवं, नव्या वस्तूले तसंच पेटवतात का?" काकू म्हणाल्या. "तुह्या भल्याचंच करू राह्यलो ना आम्ही."

मी फडक्याने पुसलं तेवढं पुसलं, स्पिरिट ओतून डोकं तापवलं आणि पंप मारला. फुस्स. पुन्हा मारला. आतून कोणीतरी नाक शिंकरल्यासारखा आवाज आला आणि गुलाबाचा सुगंध सुटला. ज्या बारीक भोकातून तेलाची वाफ वर येते त्यात कुंकवाचा चिखल गच्च बसला होता. ते भोक मोकळं करायला पत्र्याच्या पट्टीला बारीक तार लावलेली एक पिन असते. ती पिन स्टोव्हच्या खोक्यात होती. खोकं ओट्यावर होतं, थेट साहेबांच्या खुर्चीशेजारी.

माझी पाचावर धारण बसली. बाहेर जाऊन पिन मागायची म्हणजे साहेबांना कळणार की बाईंना साधी पिन जवळ ठेवायची अक्कल नाही. न मागावी तर स्टोव्ह जन्मात पेटत नाही. मी वेळ काढायला बायकांना टाकी दाखवली, पाय दाखवले, पंपाची दांडी दाखवली. स्टोव्ह बंद असतानाही घराला किती शोभा देतो, हेही सांगितलं.

"ते समदं ठीक आहे," काकू म्हणाल्या, "पण याच्यावर मांडे होतीन का?"

"आधी पेटू त द्या!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या खो खो हसल्या. मला डोळ्यांसमोर खंडव्याचं स्टेशन दिसायला लागलं.

तेवढ्यात ओट्यावरून अण्णांचा आवाज आला. अण्णा पाहुण्यांशी तीन शब्दांच्या वर कधी बोलत नसत. ते साहेबांना हिंदीतून राजघाटावर तापीचा पूर कसा चढतो ते सांगत होते. पाणी कुठल्या पायरीला आलं की काय बुडतं, किल्ल्याखालून धार कशी वळते, सगळं तपशीलवार. सांगता सांगता ते उठून खिडकीशी आले, खिडकीकडे पाठ करून उभे राहिले, आणि साहेबांना आतलं काही दिसेना. मग त्यांचा एक हात पाठीमागून गजांमधून आत आला. त्या हातात पिन होती.

मी ती घेतली. विचार करायला वेळच नव्हता. काष्टा खोचून बसले, स्टोव्हचं डोकं काढलं, भोक साफ केलं, कुंकू खरवडून काढलं, पुन्हा जोडलं. हात कोपरापर्यंत काळे झाले, नऊवारीवर हळदीचे पंजे उमटले. बायका हसायच्या थांबल्या होत्या. मी काडी लावली तेव्हा पहिली ज्वाला लालपिवळी भडकली आणि दोघीतिघींनी हात जोडले. मग ती निळी झाली आणि स्टोव्ह भरभर आवाज करत जळायला लागला. त्या आवाजाइतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

अण्णांचा पूर ओसरला. साहेबांना चहा नेऊन दिला. ते एक घोट घेऊन म्हणाले, "इसमें कुछ डाला है?"

"मसाला," मी म्हणाले. ती हळद होती.

काकू ओट्यावर येऊन शेठजींना म्हणाल्या, "मले एक पायजे. पण बिघडला त हीच पोरगी यायला पायजे. हिले खोलता येते." मग बाकीच्याही तेच म्हणायला लागल्या. साहेबांनी कागदावर लिहिलं की या बाईंना प्रात्यक्षिकाला पाठवा न पाठवा, दुरुस्तीला जरूर पाठवा. मी तेल कंपनीत लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा शाळेतून आले. पिनेबद्दल विचारल्याशिवाय मला राहवेना.

"अण्णा, तुम्ही नुसते गप्प बसला असतात तरी तुमच्या मनासारखं झालं असतं."

"हो."

"मग पिन का दिली?"

अण्णा चपला काढत म्हणाले, "तू पास व्हावीस म्हणून नाही दिली. इतक्या बायकांसमोर तुला रडू येत होतं. ते मला बघवेना."

"मी रडत नव्हते. डोळ्यात कुंकू गेलं होतं."

"असेल," अण्णा म्हणाले. मग खुंटीवर कोट टांगताना म्हणाले, "खंडव्याला पत्र टाकलं आज."

"काय लिहिलंत?"

"मुलगी कामाला लागली आहे, तिला विचारून कळवतो, असं लिहिलं." ते माझ्याकडे वळले. शाळेतल्या पोरांना उत्तर विचारताना बघायचे तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तर विचारतो आहे. काय कळवू?"

मला एवढं मोठं झाल्यावर घरात पहिल्यांदाच कोणी काही विचारत होतं. मी म्हणाले, सध्या नको म्हणून कळवा. आणि आत जाऊन, डोळ्यात काहीही गेलेलं नसताना, भरपूर रडले.