जिवंत माणसाचा काळा-पांढरा फोटो

साताऱ्याहून सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा मी शिरीषशी बोलत नव्हते. गाडीचं दार मी इतक्या जोरात आपटलं की वरच्या गॅलरीत तुळशीला पाणी घालणाऱ्या काकू वाकून बघायला लागल्या. एरवी आमच्या मागच्या सीटवर कॅमेऱ्यांच्या बॅगा असतात. त्या दिवशी मी त्या घरीच ठेवायला लावल्या होत्या. त्यांच्या जागी एक लुगडं आणि डझनभर केळी होती. जायचं होतं जतकडे, माफी मागायला.

शिरीष माझा नवरा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मुलगी शिक्षणासाठी बंगळूरला गेली, घर खायला उठलं, आणि आम्ही दोघांनी मिळून फोटोग्राफीचं वेड लावून घेतलं. वाटणी सरळ होती. मी ताटांचे फोटो काढायचे, त्यानं तोंडांचे. रविवार उजाडला की गाडी काढायची आणि मिळेल त्या दिशेला जायचं. कोयनानगरच्या टपरीवर माझी कांदाभजी गार होईपर्यंत हा टपरीवाल्याच्या सुरकुत्या टिपत बसायचा. ओळखीचे म्हणायचे, या वयात दोघांचा एक छंद, भाग्यवान आहात. होतोही. पण चार दिवसांपूर्वी फोन आला आणि ते भाग्य कुठल्या कुठे गेलं.

झालं होतं ते असं. गेल्या थंडीत आम्ही जतच्याही पुढे, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका मेंढपाळ वस्तीवर गेलो होतो. तिथं यल्लव्वा भेटली. सत्तरीची, काळी, काटक, कपाळावर आडवा भंडारा. तिनं चुलीवर भाकऱ्या केल्या, मी भाकऱ्यांचे फोटो काढले आणि शिरीषनं तिचे. त्यातला एक खरोखर अप्रतिम होता. चुलीचा उजेड एका गालावर आणि डोळे थेट आपल्याकडे. शिरीषनं त्याचा रंग काढून टाकला, मोठा करून काळ्या चौकटीत, काचेत बसवला आणि वस्तीला पत्ता नाही म्हणून गावातल्या किराणा दुकानाच्या नावानं पार्सल केला. मला विचारलंही नाही. म्हणे, तुला सरप्राईज.

पार्सलचा कागद वाटेतच फाटला होता. दुकानदारानं आत पाहिलं. काळी चौकट, काळा-पांढरा फोटो, ओळखीची म्हातारी. त्या माणसानं काय करावं? फोटो खुर्चीवर ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली, मोबाईलवर फोटो काढला आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत ती बातमी हद्दीपलीकडे यल्लव्वाच्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचली. ती बिचारी जीप करून रडत आली. वस्तीवर उतरली तर यल्लव्वा दारात बसून शेंगा फोडत होती. बहीण जागीच कोसळली. दोन दिवस जतच्या दवाखान्यात सलाईनवर होती.

हे सगळं यल्लव्वाच्या मुलानं, बिराप्पानं, फोनवर सांगितलं. त्याचं पहिलं वाक्य मी विसरणार नाही.

"साहेब, आव्वा हितं समोर बसलीया, आन् लोकं तिच्या मातीला आल्यात. ह्ये काय केलंसा तुमी?"

आणि शेवटचं: "आता हिकडं फिरकू नगा."

तरी आम्ही निघालो. त्या उंबऱ्याच्या आत पुन्हा घेतील की दारातूनच हाकलतील, एवढाच प्रश्न होता.

रहिमतपूर मागे पडलं. मग शिरीषनं तोंड उघडलं. "काळ्या-पांढऱ्यात चेहऱ्याचा आत्मा दिसतो गं. रंग असला की लक्ष लुगड्याकडे जातं."

"आत्माच दिसला की सगळ्यांना," मी म्हणाले. "शरीर सोडून गेलेला."

औंधला त्यानं चहासाठी गाडी थांबवली. यमाईच्या डोंगरावर कोवळं ऊन होतं. एरवी अशा उन्हासाठी आम्ही पहाटे चारला उठतो. पायथ्याशी एक बाई हार ओवत बसली होती. माझ्या डोक्यात तिडीक होतीच. मी शिरीषच्या हातातून त्याचा मोबाईल हिसकावला, त्यातला यल्लव्वाचा फोटो उघडला आणि तिच्यापुढे धरला.

"मावशी, हा फोटो बघा बरं. कसा वाटतो?"

तिनं हातातला हार बाजूला ठेवला. पदर सावरला, हात जोडले. "कवा गेली म्हातारी?"

मी शिरीषकडे नुसतं बघितलं. तो चहाच्या पेल्यात बघत होता.

"गेली नाही, आहे अजून," मी म्हणाले.

बाई माझ्यावरच उखडली. "आवं मग आसला फोटू कशापायी काढायचा? जित्त्या मानसाला रंग आसतोय!" आणि शिरीषला म्हणाली, "माझा काढायचा आसंल तर रंगीत काढा बरं का. मला अजून नातीचं लगीन बघायचं हाय."

औंध ते विटा हे अंतर मी अखंड बोलत होते. सव्वीस वर्षांतलं सगळं निघालं. माझ्या आईच्या पंचाहत्तरीला त्यानं तिचा एकटीचा फोटो काढला आणि तिच्या मोतीबिंदूवर फोकस केला, तेसुद्धा निघालं. माणूस म्हणजे याला नुसती कातडी आणि उजेड. समोरच्याला काय वाटेल, त्याच्या घरात काय होईल, याचा विचार कॅमेऱ्यामागे कधी शिरलाच नाही. माझं बरं, मी म्हणाले. मी ताटांचे फोटो काढते. भाकरीला कधी कुणी श्रद्धांजली वाहिली नाही.

या नादात विट्यात वळण चुकलं आणि पंधरा किलोमीटर गेल्यावर ते कळलं. ती चूकही मी त्याच्याच खात्यावर टाकली.

कवठेमहांकाळ सोडलं की ऊस संपतो, द्राक्षबागा विरळ होतात आणि जमीन उघडी पडते. खुरटी बाभळ, दगडी बांध, ज्वारीची धाटं, मधूनच नाकाला बाक असलेल्या उंच मेंढ्यांचा कळप. वस्तीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता आणि बायका घागरी घेऊन रांगेत होत्या. आमची गाडी बघून त्यांचं बोलणं थांबलं. एकीनं दुसरीला कानडीत काहीतरी सांगितलं. त्यातलं मला 'फोटो' तेवढं कळलं.

बिराप्पा दारातच होता. त्यानं 'या' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. आत बाजेवर बहीण बसली होती, हाताला अजून सुईची पट्टी. खाली चुलीपुढे यल्लव्वा. फोटो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

शिरीष उंबऱ्याबाहेरच वाकला. "मावशी, चुकलं माझं. मला कळलं नाही. मी रंगीत करून आणतो दुसरा. हा परत नेतो."

यल्लव्वानं त्याच्याकडे नीट बघितलं आणि हसली. "बस रं बाबा. तू पुरुष मानूस, तुला काय कळतंय. म्या मेली म्हनून लोकं रडली, कोन किती रडलं ते तरी बगाय मिळालं. ह्ये आमचं दाजी तर आलंबी न्हाईत." बाजेवरच्या बहिणीनं मान दुसरीकडे फिरवली. दाजी म्हणजे तिचाच नवरा.

मला हायसं वाटलं. मी लुगडं आणि केळी पुढे केली. "यांना मी किती सांगते मावशी, पण ऐकतील तर शपथ."

यल्लव्वाचं हसू गेलं.

"त्येचा न्हाई मला राग," ती म्हणाली. "तुजा हाय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"गेल्या खेपंला चार भाकऱ्या टाकाय लावल्यास. पयली फुगली न्हाई म्हनून दुसरी, मग तिसरी. चौथी फुगली. हरबऱ्याच्या पाल्याची भाजी, खर्डा, कांद्याची पात, सगळं वाडलं. तू ताट उनात नेऊन ठेवलंस. माज्या घागरीतलं पानी घेतलंस आन् ताटावर शिपडलंस. मग लांब जाऊन उबी ऱ्हायलीस, बगत. लय येळ बगत." तिनं चुलीत लाकूड पुढे सारलं. "आन् म्हनलीस, पोट भरलंय, उशीर झालाय. घास मोडला न्हाईस. उटून गेलीस."

बाजेवरची बहीण आता माझ्याकडे बघत होती.

"ताट वाडायचं, पानी फिरवायचं, आन् लांब उबं ऱ्हाऊन बगायचं. आसलं ताट आमी कुनाला वाडतो, ठाव हाय तुला? मेलेल्याला. कावळा शिवंस्तवर. तुमी गेल्यावर माज्या घरात त्ये ताट शिवायचं का न्हाई, ह्येच मला कळंना. शेवटाला मेंढरास्नी घातलं. फोटू आत्ता आला, बाई. मला तर तू तवाच मारून गेलीस."

पाणी मी शिंपडलं होतं. कांद्याची पात ताजी दिसावी म्हणून. टँकरच्या गावात, तिच्या घागरीतलं अर्धा तांब्या पाणी, भाजी चकाकावी म्हणून. आणि पोट भरलेलं होतं हेही खरं, कारण आम्ही येताना मिसळ खाऊन आलो होतो. त्या फोटोखाली लोकांनी 'तोंडाला पाणी सुटलं' असं लिहिलं होतं, आणि मी प्रत्येकाला हात जोडलेली चित्रं पाठवली होती. मला इतका संताप आला की डोळे भरून आले, आणि तो आता शिरीषवर काढता येत नव्हता. समोर होते ती माझी मीच.

"चुकलं मावशी," मी म्हणाले. एवढंच सुचलं.

"चुकलं तर बस की खाली," ती म्हणाली आणि पीठ पुढे ओढलं.

भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात आली. फुगली होती की नव्हती, मी पाहिलं नाही. मोडताना वाफेनं बोटं पोळली. खर्ड्यानं कानातून धूर निघाला. शिरीषच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि तो नको म्हणत नव्हता. बिराप्पा आपणहून आमच्या शेजारी बसला. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आयुष्यात पहिल्यांदा.

निघताना शिरीष कोपऱ्यातला फोटो उचलायला गेला. यल्लव्वानं हात आडवा घातला.

"ऱ्हाऊ द्या. लागंलच की कवातरी. तवा तुमाला कुटं हुडकायचं?" मग बहिणीकडे बघून म्हणाली, "आन् तवा तू सावकाश ये. आसं पडू नगंस."

परतताना कवठेमहांकाळ मागे पडलं. मग शिरीषनं विचारलं, "कशी होती गं भाकरी?" सात वर्षं मी भाकऱ्यांचे फोटो काढतेय, हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. मी सांगितलं, गोड होती. कडेला थोडी करपलेली.

साताऱ्याच्या घरी आमच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर, गेल्या थंडीत यल्लव्वाकडे मी काढलेला फोटो टांगलेला आहे. टम्म फुगलेली भाकरी, हिरवीगार भाजी, पातीवर पाण्याचे थेंब. घरी पोचल्यावर शिरीषनं स्टूल आणलं आणि विचारलं, "काढू खाली?"

"राहू दे," मी म्हणाले. "अजून कुणी शिवलेलं नाही त्याला."