अकरा नंबरचा माणूस

उमेदवाराचे नाव : रोझॅन मार्गिट व्हार्गा. वय : एक्कावन्न. हुद्दा : गुणवत्ता व्यवस्थापक, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, टोलेडो, ओहायो. अभ्यासक्रम : व्यवसाय प्रशासनातील डॉक्टरेट, अर्धवेळ, वर्ष तिसरे. प्रगती : समाधानकारक. संशोधनाचा विषय : किरकोळ अपघातांची नोंद न करण्याची कामगारांची प्रवृत्ती व तिची संघटनात्मक कारणे. मुलाखत दिलेले कामगार : एकोणीस. त्यांना संभवणारा धोका : किमान.

'किमान' हा शब्द रोझॅनने स्वतःच्या हाताने भरला होता. विद्यापीठाच्या नीतिसमितीच्या अर्जावर किमान, मध्यम आणि गंभीर असे तीन पर्याय होते. पहिल्यावर खूण केली की अर्ज दहा दिवसांत परत येतो आणि दुसऱ्यावर केली की सहा महिने लागतात, हे तिच्या वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वर्गात एक बँकेचा अधिकारी होता, एक इस्पितळाची मेट्रन होती, एक सैन्यातून निवृत्त झालेला कर्नल होता. महिन्यातून एका शनिवारी सकाळी आठला सगळे जमत. कोणाच्याही संशोधनात किमानपेक्षा जास्त धोका नव्हता.

अर्धवेळ डॉक्टरेट म्हणजे नोकरी पूर्ण वेळ, आणि झोप, स्वयंपाक, सासूचं डायलिसिस व डॉक्टरेट हे सगळं उरलेल्या अर्ध्यात. रोझॅन जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीचा हीटर लावून बसायची. एका हातात सॉसेजचं सँडविच आणि स्टिअरिंगवर टेकवलेला निबंध. येणारेजाणारे काचेवर टकटक करून विचारायचे, "डॉक्टर, गुडघा दुखतोय, जरा बघता का?" तीन वर्षांत हा विनोद प्रत्येकाने केला होता आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटत होतं.

कारखान्याच्या दारात एक फलक होता. त्यावर 'अपघाताविना दिवस' असं लिहिलेलं आणि खाली आकडा. आकडा रोज सकाळी एकाने वाढे. तीनशे पासष्ट झाले तेव्हा सगळ्यांना निळी जाकिटं मिळाली आणि पिझ्झा आला. पाचशे झाले की मुख्य कचेरीतून पाहुणे येणार होते, आणि त्यानंतर कारखान्याचे प्रमुख क्रेग लिंडाल यांची शिकागोला बढती होणार, असं सगळे धरून चालले होते. क्रेगही.

रोझॅनला एवढंच शोधायचं होतं की दीडशे माणसं, धारदार पाती आणि वाफेचे रोलर असलेल्या इमारतीत इतके दिवस कोणाला खरचटतसुद्धा कसं नाही. उत्तर तिला अकराव्या मुलाखतीत मिळालं. ड्वाइट पेटिफर्ड, डिंकाच्या मशीनवर एकतीस वर्षं. त्याने सांगितलं की तळहात फाटला तेव्हा सुपरवायझरने फलकाकडे एकदा पाहिलं, त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाला, मी काही बघितलं नाही. ड्वाइटने हाताला फडकं गुंडाळलं, स्वतः गाडी चालवत दवाखाना गाठला आणि घरी गवत कापताना लागलं म्हणून सात टाके घालून घेतले. डॉक्टरने तसं लिहूनही घेतलं. जानेवारी महिना होता, बाहेर दीड फूट बर्फ होता.

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात हा मजकूर 'कामगार क्र. ११' या नावाखाली गेला. मार्गदर्शक बाईंनी आग्रह धरला की कोण बोलतंय याचं चित्र वाचकाला दिसलं पाहिजे, कोण कुठल्या मशीनवर, किती वर्षं, असं कोष्टक द्या. सगळेच देतात. मग रोझॅनने, सगळेच करतात तसं, ओळख पटू नये म्हणून कोष्टकातले तपशील बदलले. ड्वाइटचा डिंक काढून डाय-कटिंग, म्हणजे पुठ्ठा कापायचं काम, केलं, एकतीसची सव्वीस वर्षं केली. डाय-कटिंगवर या कारखान्यात सव्वीस वर्षं झालेला कोणी नाही, हे तिने यादीत पाहून घेतलं होतं.

निम्मी फी कंपनी भरायची, आणि तिची अट अशी की प्रत्येक सत्राला लिहिलेल्या प्रकरणाची प्रत आस्थापना विभागात जमा करायची. तीन वर्षं त्या प्रती कपाटात पडून होत्या. फेब्रुवारीत आस्थापना विभागातली मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या टेबलावरचं सगळं क्रेगच्या टेबलावर आलं.

मंगळवारी सकाळी क्रेग रोझॅनच्या दारात थांबला. तिचं चौथं प्रकरण आपण वाचलं, चांगलं लिहितेस, म्हणाला. अकरा नंबर विशेष आवडला. गुरुवारी दहाला ये, बोलू.

अपघात लपवणं म्हणजे बडतर्फी हा कंपनीचा नियम होता, आणि तो लपवणाऱ्या सुपरवायझरला नव्हे, लागलेल्या माणसाला लावला जायचा. ड्वाइट जूनमध्ये निवृत्त होणार होता.

दुपारी तीनला पाळी बदलताना तिने त्याला डबे ठेवायच्या कपाटांपाशी गाठलं आणि जे झालं ते सांगितलं. त्याने जाकिटाची चेन वरखाली केली.

"मी बोलायला आलो नव्हतो," तो म्हणाला. "तू आलीस. कागद घेऊन."

"हो."

"त्या कागदावर तुझी सही आहे, रोझॅन. नाव बाहेर जाणार नाही म्हणून. मी वाचला पण नाही, तुझी सही आहे म्हणून गप्प बसलो."

तिने कोष्टक बदलल्याचं सांगितलं, क्रेगला कळणं शक्य नाही असंही सांगितलं. ड्वाइटने विचारलं, मग मला सांगायला का आलीस? तो मशीनकडे गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो त्या दिवशी डिंकाची टाकी भरायला दोनदा विसरला, असं नंतर सुपरवायझर सांगत होता.

बुधवारी रोझॅन गाडीत बसली पण सँडविच तिने उघडलंच नाही. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, सोड ती पदवी. मार्गदर्शक बाईंना सांगावं तर त्या नीतिसमितीला कळवणार, समिती चौकशी करणार, आणि चौकशीत पहिला प्रश्न असणार की अकरा नंबर कोण. गुप्तता राखण्याच्या सगळ्या वाटा ड्वाइटच्या नावावरून जात होत्या. गुरुवारी सकाळी ती फलकाखालून आत गेली तेव्हा वर चारशे एकोणीस होते. मान वर करून पाहायची तिची हिंमत झाली नाही, पण आकडा तिला माहीत होता.

क्रेगच्या टेबलावर प्रकरण होतं आणि शेजारी एक टाइप केलेलं पत्र. त्याने कॉफी दिली, सासूची चौकशी केली.

"तुला काही विचारायचं नाही मला," तो म्हणाला. "तुझे नियम असतात, मला माहितीये. मी आपला कोष्टकावरून शोधला. लॉनी ब्रासफील्ड."

रोझॅनला लॉनी कोण हे आठवायलाच क्षणभर लागलं. दोन वर्षांपूर्वी इंडियानातला कारखाना बंद पडला तेव्हा तिकडून आलेला, अबोल, तीन पोरींचा बाप. तिने त्याची मुलाखत घेतली नव्हती. नोकरीची वर्षं मात्र तिकडचीही धरली जायची, आणि तिने पाहिलेल्या यादीत इंडियानातली वर्षं नव्हती. डाय-कटिंग, वर्षं सव्वीस.

"गेल्या हिवाळ्यात हाताला पट्टी होती त्याच्या," क्रेग म्हणाला. "म्हणे कुत्रा चावला. उद्या पत्र देतोय. चांगला माणूस आहे, पण नियम तो नियम."

"लॉनी नाही तो," रोझॅन म्हणाली.

क्रेगने मान तिरकी केली.

"नाही? मग कोण?"

क्रेगने खण उघडून कामगारांची यादी काढली. त्याला राग आला नव्हता, कोडं सोडवणाऱ्या माणसासारखा तो खुर्चीत पुढे सरकला. यादी आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने होती. तो एकेक नाव वाचायचा आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहायचा. अॅकरमन. बीसली. क्लाइन. रोझॅन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती आणि तिला पक्कं ठाऊक होतं की 'पेटिफर्ड' आलं की तिचा चेहरा तिचं ऐकणार नाही. तो कधीच ऐकत नसे, पत्त्यांत ती म्हणूनच हरायची. एवढी भीती तिला बाप इस्पितळात असतानासुद्धा वाटली नव्हती. माझूर. नोव्होत्नी. ओ'डेल.

"क्रेग," ती म्हणाली. "अकरा नंबर कोणी नाहीच. मी बनवलाय तो."

क्रेगचं बोट यादीवर थांबलं.

"बनवलाय म्हणजे?"

"मुलाखती फिक्या होत्या. प्रकरणात काही दम नव्हता. मग एक माणूस मीच लिहिला. बर्फात गवत कापणारा. असं कोणी असतं का?"

क्रेगच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं, जसं आपले रिपोर्ट दुसऱ्याच पेशंटचे होते हे कळलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पसरतं. अकरा नंबर खोटा तर अपघातही खोटा, आणि चारशे एकोणीस खरे. हे खरं आहे का, असं त्याने एकदाही विचारलं नाही. फारच वाईट केलंस, म्हणाला, एवढ्या वर्षांची मेहनत. कॉफी ओतून दिली आणि हे सगळं लिहून दे, म्हणाला.

तिने दोन ओळी लिहिल्या. एक प्रत कंपनीच्या फायलीत गेली, एक नियमाप्रमाणे विद्यापीठात.

मार्गदर्शक बाईंचा फोन आला. खरंच तू माणूस बनवलास का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराआधी किंचित थांबल्या, तिने नाही म्हणावं म्हणून. रोझॅन हो म्हणाली. मग त्यांनी ग्रंथालयाची सात पुस्तकं तिच्या नावावर असल्याची आठवण करून दिली.

विद्यापीठाच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे असा शेरा आहे : 'उमेदवाराने वैयक्तिक कारणास्तव, स्वेच्छेने, अभ्यासक्रमातून माघार घेतली. संशोधनातून कोणताही उपयुक्त निष्कर्ष निघालेला नाही.'

त्या शुक्रवारी कारखान्यातून कोणालाही काढण्यात आलं नाही.